घरचंच रक्त

माझी सासू वारली तेव्हा मी गेले नाही. सावनेरहून नागपूर म्हणजे काही परदेश नव्हे, एसटीत बसलं की डुलकी लागायच्या आत माणूस पोचतो. निरोप घेऊन आलेल्या नातेवाइकानं दारातच सुस्कारा टाकला आणि म्हटलं, "सख्खी आत्या होती वं तुही. येशीन ना?" मी म्हटलं, "आत्या होती म्हणूनच येत नाही. नुसती सासू असती तर आले असते." त्याला काही उमगलं नाही. चहा न घेताच गेला आणि ओळखीपाळखीत सांगत सुटला की या बाईला माया नाही. बरोबर आहे त्याचं. नाही मला माया, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

आमच्यात आत्याच्या मुलाचा मामाच्या मुलीवर पहिला हक्क असतो. तिथं स्थळ बघणं नाही, पत्रिका नाही, मुलीला विचारणं तर नाहीच नाही. मुलगी दुसरीकडे द्यायची असेल तर उलट आत्याच्या पाया पडून परवानगी मागावी लागते. माझ्या बारशाला आत्या नागपूरच्या लकडगंजहून सावनेरला आली ती कुंकवाचा करंडा घेऊनच. पाळण्यात माझ्या कपाळाला बोट टेकवून म्हणाली, "हे माह्यी सून." बाबा तिचा धाकटा भाऊ. ताईपुढे त्यांची मान कधी वर झालीच नाही. मी शाळेत असताना आई गेली, त्यानंतर तर आमच्या घरात डाळ कुठली आणायची तेसुद्धा लकडगंजहून ठरायचं. मी बी.ए. केलं, मला मास्तरीण व्हायचं होतं. आत्या म्हणाली, "होऊ दे की, लग्न झाल्यावर." चौऱ्याहत्तरच्या सुमारास लग्न झालं आणि मास्तरकीचं नाव पुन्हा निघालं नाही.

बायका मला म्हणायच्या, नशीब काढलंस, सासू म्हणजे आत्याच, जाच कसा होणार? हे म्हणणाऱ्या बाईला मी मनातल्या मनात दोन ठेवून द्यायची. परकी सासू निदान पहिलं वर्ष तरी जरा जपून बोलते, समोरची कोण कुठली याचा तिला अंदाज नसतो. आत्याला अंदाज घ्यायची गरजच नव्हती. मी कशाला घाबरते, कशानं रडते, सगळं तिला मी परकर घालायची तेव्हापासून पाठ. "बाहेरची कायले आनू?" असं ती सगळ्यांना अभिमानानं सांगायची. "घरचं रक्त घरातच राह्यलं पाह्यजे." हे वाक्य मी माझ्या लग्नात इतक्यांदा ऐकलं की मंगलाष्टकं विसरले, ते नाही विसरले.

घराच्या मागच्या अंगाला त्यांची आरा मशीन होती. दिवसभर सागाची खोडं चिरायची आणि भुसा उडायचा. वरणात भुसा, उशीवर भुसा, केसात भुसा. नवरा सकाळी मशीनवर जाऊन बसायचा तो अंधार पडेपर्यंत. बोलायला फार कमी. लोक त्याला गरीब स्वभावाचा म्हणत. मी दहा वर्षं त्याच्याबरोबर काढली. तो गरीब नव्हता, आळशी होता. भांडायचा आळस, बोलायचा आळस, कुणाची बाजू घ्यायचा तर फारच आळस.

पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी खूश होते, कशाला खोटं बोलू? तिसरा महिना होता. दुपारी कपडे वाळत घालताना कमरेत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मी न्हाणीघरात भिंतीला टेकून बसले होते. दाराबाहेर आत्या कुणाला तरी सांगत होती, "सायकल चालवली हिनं. मी नाई म्हनलं होतं." सायकल मी चालवली होती खरी, बाजारापर्यंत. दुसऱ्यांदा सायकलला हात लावला नाही, तर तिन्हीसांजेला केस मोकळे सोडल्याचं निघालं. तिसऱ्यांदा नजर लागली. नवस झाले, गंडे झाले, कुठल्याशा बाबाचा अंगारा पाण्यात कालवून पाजून झाला. त्या अंगाऱ्याची चव अजून जिभेवरून गेलेली नाही.

चौथ्यांदा पडलं तेव्हा तिची कारणं संपली. मग तिनं माझ्या आईला काढलं. "आमच्या घरात कोनाचं पडलं नाई बाप्पा. हे तुह्या मायकडलं असन." बाप तिचा सख्खा भाऊ, तेव्हा माझ्या अंगात जे चांगलं असेल ते सगळं त्यांच्याकडचं, आणि जी खोट असेल ती मेलेल्या बाईकडची. आई असती तर तिनं उलट उत्तर दिलं असतं का, मला माहीत नाही. मी दिलं. मी म्हटलं, माझ्या आईनं एक मूल जन्माला घातलं आणि ते तुम्ही बारशातच पळवलंत. त्या दिवशी मला जेवण मिळालं नाही. भूकही नव्हती म्हणा.

मधल्या काळात नणंदेचं डोहाळजेवण आलं. पुरण मी शिजवलं, मी वाटलं, पोळ्या मी लाटल्या. सगळी सकाळ चुलीपुढे गेली. बायका जमल्या, गाणी सुरू झाली, तशी आत्या स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "ओटी भरून होऊ दे, मंग ये भायेर. तुही सावली नको पडू देऊ." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. मी पोळ्यांची परात उचलली, बाहेर जाऊन सगळ्यांच्या मधोमध ठेवली आणि म्हटलं, "या मीच लाटल्यात. सावली पडली असेल तर बघून घ्या." गाणं थांबलं. नणंद खाली बघत बसली. आत्या मला ओढून आत घेऊन गेली. पोळ्या मात्र सगळ्या बायकांनी खाल्ल्या, तूप मागून मागून खाल्ल्या. नणंदेला पुढे धडधाकट मुलगा झाला.

डॉक्टरकडे जायला आत्याचा विरोध नव्हता, कारण तपासण्या सगळ्या माझ्या होत्या. माझी लघवी, माझी साखर, माझ्या पोटाचे एक्स-रे. एकदा आत औषध सोडून फोटो काढला, तेव्हा मी टेबलाच्या कडा इतक्या घट्ट धरल्या होत्या की नखं मोडली. आणि दर वेळी डॉक्टर कागदावरनं नजर न उचलता म्हणणार, सगळं नॉर्मल आहे. तो शब्द ऐकला की मला त्यांच्या टेबलावरची दौत उचलून फेकावीशी वाटायची. नॉर्मल आहे तर हे काय चाललंय? एकानं तर सांगितलं, टेन्शन घेऊ नका, मन रमवा, विणकाम करा. मी कुणासाठी विणू, हे त्याला सुचलं नाही. नवरा या सगळ्या वेळी बाहेर बाकावर बसून पान खायचा. त्याला कुणी आत बोलवलं नाही आणि त्यानं कधी विचारलं नाही.

रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरीणबाईंकडे मी एकटीच गेले होते. चौऱ्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. त्यांनी आधीचे सगळे कागद वाचले आणि मग एक प्रश्न विचारला, जो आजवर कुणी विचारला नव्हता.

"लग्नाआधी तुमचं दोघांचं नातं काय होतं?"

"माझा आतेभाऊ. सख्ख्या आत्याचा मुलगा."

त्यांनी हातातले कागद मिटले. मग त्यांनी समजावून सांगायला घेतलं, अगदी हळू, जशी मी नंतर वर्गात मुलींना गणित सांगायची. पोटातलं बाळ अर्धं आईचं असतं आणि अर्धं बापाचं. बापाकडचं अर्धं आईच्या शरीराला परकं. आपलं शरीर परक्या गोष्टीला बाहेर टाकतं, पण बाळाच्या बाबतीत ते उलटं वागतं. कुणीतरी परकं आलंय हे ओळखतं आणि त्याला जपायची सोय करतं. आता नवरा-बायकोच्या पेशींवरच्या खुणा फार सारख्या असल्या तर शरीराला वेगळं कुणी आल्याचं कळतच नाही. मग ती जपायची सोय होत नाही. बाळ टिकत नाही.

"असं काही डॉक्टर मानतात," त्या म्हणाल्या. "मी खात्रीनं सांगत नाही. नात्यात लग्न झालेल्या सगळ्यांना असं होत नाही, कितीतरी घरांत चार-चार मुलं खेळतायत. तुमच्या बाबतीत हेच कारण असेल असंही नाही. आधी दोघांचं रक्त मुंबईला पाठवून खुणा जुळवून पाहू. जुळल्या तर एक उपाय करून पाहता येईल. तुमच्या मिस्टरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढून तुमच्या कातडीखाली टोचायच्या, म्हणजे तुमच्या शरीराला त्यांची ओळख पटेल. नवीन आहे. लागू पडेलच असं म्हणणार नाही."

परत येताना मी सायकलरिक्षात एकटीच हसत होते. कारण सापडलं म्हणून नाही, सापडलं कुठं होतं अजून? त्या एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं की दोघं लागतात. ज्या गोष्टीला दोघं लागली होती तिच्या तपासणीलाही दोघं लागतात. सोपी गोष्ट आहे, नाही? पण लकडगंजमध्ये ती कुणाच्या डोक्यात आली नव्हती, आणि तोवर ती माझ्याही तोंडात आली नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी, नवरा हातपाय धुऊन बसला तेव्हा, मी सगळं सांगितलं. आत्याही तिथंच होती. सुपात तांदूळ निवडत ऐकत होती. तिचे हात थांबले.

"माह्या पोराचं रक्त काढून तुह्या अंगात घालतीन?"

"थोडंसं. आधी नुसती तपासणी."

"पुरुषाच्या अंगातलं रक्त गेलं तं उरते काय त्याच्यात? अन् तपासाचं कायले? आतापावेतो सारं तुह्यातच तपासलं ना?"

"म्हणूनच आता त्याचं तपासायचं."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे दोष माह्या पोरात हाये म्हनतेस?" मी म्हटलं, दोष कुणातच नाही, दोघं फार सारखे आहोत एवढंच. ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला पटलं. इतक्या वर्षांत मी त्या बाईला ओळखायला शिकले नव्हते ते असं. ती गप्प बसली की ते पटणं नसायचं, ती काहीतरी शिजत घालायची.

नवरा म्हणाला, "पाहू."

हा रक्ताला घाबरणारा माणूस नव्हता. एकदा आऱ्यावर त्याच्या करंगळीचं पेर गेलं होतं, तर धोतराच्या चिंधीनं बोट बांधून त्यानं उरलेलं खोड चिरून संपवलं आणि मग दवाखान्यात गेला. म्हणून मी त्याच्या मागे लागले. आढेवेढे घेतले त्यानं, पण शेवटी कबूल झाला. "येतो ना. सांगतलं ना येतो म्हनून." मला ते पुरेसं होतं. माणूस अडाणी असो, मुका असो, एवढं एक केलं तर बाकी सगळं मी पोटात घालीन असं मी ठरवून टाकलं होतं. मुलासाठी म्हणाल तर हो, मुलासाठी. पण त्याहून जास्त त्या घरात माझ्या शेजारी एकदा तरी कुणी उभं राहावं म्हणून. तो उभा राहिला असता तर मी आत्याला आणखी वीस वर्षं सहन केलं असतं.

रक्त ताजं मुंबईला जायला हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी गाडीनं जाणारा एक ओळखीचा माणूस गाठला, बर्फ घातलेला थर्मास तयार ठेवला आणि आम्हाला सकाळी यायला सांगितलं. नवरा म्हणाला, तू हो पुढे, मी मशीनवरनं सरळ येतो. मी गेले. माझ्या दंडाला रबरी पट्टी बांधली, सुई टोचली, माझी नळी भरली. तिच्यावर चिकटपट्टीनं माझं नाव लावलं. शेजारी त्याच्या नावाची नळी होती, रिकामी. आम्ही वाट पाहत राहिलो. गाडीची वेळ जवळ आली तशी थर्मासवाला माणूस दारात येऊन सारखा घड्याळ बघायला लागला. मी बाईंना म्हटलं, माझं तरी पाठवा.

"तुमचं एकटीचं पाठवून काय करू?" त्या म्हणाल्या. "जुळवायचं कशाशी?"

त्यांनी माझी नळी उचलली आणि मोरीत रिकामी केली. त्यांचा काही दोष नव्हता, पण मला त्या क्षणी त्यांचाही राग आला.

परत आले तर तो मशीनपाशी खाटेवर बसला होता. "बालाघाटचा ट्रक आला होता," म्हणाला. ट्रक हमाल रिकामा करत होते. त्याचं काम काय, तर बसून बघायचं. मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं, खरं काय ते सांगा. हमाल खोडं खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माय नाई म्हनते." पस्तिशीला आलेला माणूस! मी तिथून घरात गेले आणि हाताला लागेल ते भांडं आपटलं. पितळेचं एक गंज चेपलं, ते पुढे कितीतरी दिवस आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायची.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एकदा सगळी जुळवाजुळव केली, माझ्या विनवण्या ऐकून. तो पुन्हा आला नाही. या वेळी कारणही सांगितलं नाही. बाई म्हणाल्या, "मी दर वेळी कुणाला स्टेशनवर थांबवून ठेवू शकत नाही. ते यायला तयार झाले की मला कळवा." त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल कीव होती. मला कीव नको होती, मला तो हवा होता तिथं.

इथं एक गोष्ट सांगून टाकते, कारण ती न सांगता राग राग करणं अर्धवट होईल. पुढे मी सावनेरला शाळेत लागले. माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी डॉक्टर झाली, बायकांचीच डॉक्टर. तिला मी एकदा सहज म्हणून विचारलं, नवऱ्याच्या रक्ताच्या त्या सुया अजून देतात का गं? ती म्हणाली, "नाही बाई, ते सोडून दिलं. त्यानं फायदा होतो असं काही दिसलंच नाही. कारण सापडत नाही अशा कितीतरी बायकांना पुढच्या वेळी आपसूक मूल होतं. नुसती काळजी घ्यायची आणि धीर द्यायचा." म्हणजे त्यानं हात दिला असता, पेशी टोचल्या असत्या, तरी बहुधा त्या सुईनं काही होणार नव्हतं. हे ऐकून नात्यातल्या एकानं मला शहाणपणा शिकवला, मग आता राग कसला धरतेस? असल्या लोकांचा मला वीट येतो. सुईनं काम केलं असतं की नसतं, हे त्या सकाळी त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं. मी हात पुढे केला आणि त्यानं नाही केला. मला एकदाच, फक्त एकदाच, त्याच्या दंडाला ती रबरी पट्टी बांधलेली बघायची होती.

तो दुसऱ्यांदा आला नाही त्या उन्हाळ्यात आत्या फार फिरली. नातेवाइकांत, समाजातल्या म्हाताऱ्या माणसांत, कुठं कुठं जाऊन बसायची. घरी आली की माझ्याशी गोड बोलायची. चहा झाला का वं, थोडी पड वं. माझ्या अंगावर काटा यायचा. मी नवऱ्याला विचारलं, आत्याचं काय चाललंय? तो म्हणाला, "मले काय माईत?" त्याला माहीत होतं.

राखीपौर्णिमेला बाबा सावनेरहून आत्याकडून राखी बांधून घ्यायला यायचे, दर वर्षीचा रिवाज. त्या वर्षीही आले. नणंदेची राखी पोष्टानं येऊन पडली होती, ती संध्याकाळी बांधू म्हणून कोनाड्यात ठेवली होती. बाहेरच्या खोलीत समाजातले दोन वडीलधारे येऊन बसले होते. यांना कशाला बोलवलंय, मला कळेना. आत्यानं पाट मांडला, बाबांना ओवाळलं, राखी बांधली, पेढा भरवला. बाबा उठले. पाटावर नवरा जाऊन बसला. आत्यानं ओवाळणीचं ताट माझ्या हातात दिलं. त्यात एक राखी होती.

"बांध," ती म्हणाली.

मला वाटलं नणंदेच्या वतीनं. तसं म्हटलंही मी.

"तुह्या वतीनं." ती खाली बसली आणि अगदी शांतपणे, वडीलधाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लागली. "डॉक्टरीणच म्हनली ना, दोघाइचं रक्त एकच हाये म्हून? तूच आनली हे गोष्ट घरात, मी नाई. आता ज्याइचं रक्त एक ते बहीणभाऊच झाले. देवानं चार वेळा सांगतलं, आपल्याले समजलं नाई. फारकत नको, कोर्ट नको, लोकाइत तमाशा नको. बहीण म्हनून राय या घरात जलमभर, लुगड्याले अन् खायाले कमी नाई पडनार. त्याले दुसरी करू दे."

मी म्हटलं, "रक्त एक आहे हे कुणी तपासलं? तपासणी झालीच नाही. तुम्हीच होऊ दिली नाहीत."

"तपासाचं काय त्यात?" आत्या म्हणाली. "तू माह्याच भावाची होयस ना?"

ज्या रक्ताच्या नावानं हिनं मला पाळण्यातून उचललं, त्याच रक्ताच्या नावानं ती मला आता बिछान्यातून उठवत होती. आणि मध्ये दोन्ही वेळा मला कुणी विचारलं नव्हतं. मी वडीलधाऱ्यांकडे पाहिलं. एक जण म्हणाला, कायद्याचं काही असो, समाजाला मान्य आहे. दुसरा पेढा खात होता. मी म्हटलं, दहा वर्षं मी याच्याशी संसार केला तो बहिणीनं केला का? त्यांनी माना खाली घातल्या, आत्यानं नाही घातली. मी बाबांकडे वळले. त्यांच्या मनगटावर ताईची राखी होती, नवी, चमकीची. ती ते बोटानं फिरवत होते.

"बाबा?"

"ताई म्हनते तं…" ते म्हणाले. "तुह्या भल्याचंच हाये, बाई. घर तं सुटत नाई ना."

मग राहिला तो. मी ताट घेऊन त्याच्यासमोर उभी होते. मला अजूनही वाटत होतं की हा आता उठेल. काही बोलायची गरज नव्हती. नुसता पाटावरून उठून मशीनवर निघून गेला असता तरी मी ते माझ्या बाजूचं धरलं असतं. इतकं थोडं मागत होते मी त्याच्याकडे.

त्यानं उजवा हात पुढे केला. शर्टाची बाही कोपरापर्यंत आधीच वर दुमडून ठेवलेली होती.

लग्न झाल्यापासून मी त्याला अहो-जाहो करायची. त्या दिवशी लहानपणीसारखं बोलले. "डॉक्टरीणबाईकडे वर होत नव्हती काय गा हे बाही तुही?"

तो बोलला नाही. आत्या बोलली, बाबा बोलले, वडीलधारेही काहीतरी समजावायला लागले. मी ताट जमिनीवर ठेवलं आणि दाराशी जाऊन पायात चपला घातल्या. मागे वळून पाहिलं तेव्हा सगळे माझ्यावर ओरडत होते, आणि तो पाटावर तसाच बसला होता, हात पुढे करून.